चूक लान्स नाईक मोहोडची नव्हती

लान्स नाईक मोहोड, ड्रायव्हर, वय एकतीस, गाव अमरावतीकडचं. या माणसावर दोनदा अन्याय झाला. पहिल्यांदा फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी, कात्रजच्या जुन्या घाटात. दुसऱ्यांदा त्यानंतर सव्वीस दिवसांनी एका टेबलावर, जेव्हा चौकशीच्या कागदावर ‘चालकाचा निष्काळजीपणा व अतिवेग’ हे शब्द टाइप झाले. पहिल्या अन्यायाने तो मेला. दुसऱ्याने मेलेला माणूस दोषी ठरला.

मी तेव्हा त्याच युनिटच्या वर्कशॉपमध्ये व्हेइकल मेकॅनिक होतो. पुण्यात पोस्टिंग, सेवेचं पाचवं वर्ष. हे मी ऐकीव लिहीत नाही. त्या गाडीच्या जॉब कार्डवर ‘तपासली, ठीक’ असं लिहून खाली सही करणारा माणूस मीच आहे. तेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी शोध लावायचे कष्ट घेऊ नयेत.

आमचा दिवस ठरलेला. ०५३० ला पीटी, ०८०० ला हजेरीचं फॉल-इन, मग एमटी पार्क, म्हणजे गाड्यांचा तळ. तिथे मोहोडची चार नंबरची फोर-व्हील-ड्राइव्ह उभी असायची, वयाने माझ्याहून मोठी. बाहेर पुण्यात रोज नव्या मोटारींची शोरूम उघडत होती, हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या. आम्ही मात्र पत्र्याला पत्रा जोडून सरकारी गाड्या चालत्या ठेवत होतो. त्याचं दुःख नाही. जुनी गाडी वाईट नसते. न तपासलेली गाडी वाईट असते.

जानेवारीत मोहोड पहिल्यांदा माझ्याकडे आला.

“उस्ताद, गाडी भटकते.”

“म्हणजे?”

“म्हणजे स्टिअरिंग सरळ धरलं तरी पेलेल्या मानसावानी चालते. कधी डावीकडं, कधी उजवीकडं. मी चालवतो का ते मले चालवते, काही समजत नाही.”

मी टायरमधली हवा पाहिली. दोन चाकांत फरक होता, तो काढला. आठ दिवसांनी मोहोड परत आला. मी पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलला, चाकं वर-खाली हलवून बेअरिंग पाहिली, पुढची चाकं वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकांचे जॉइंट बदलले. पंधरा दिवसांनी तो तिसऱ्यांदा आला. या वेळी मी ते केलं, जे प्रत्येक अर्धवट मेकॅनिक करतो. स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी पेटी, तिच्यावरचा स्क्रू पाव आटा आवळला. हाताला खेळ, म्हणजे ढिलेपणा, कमी लागला. प्रत्यक्षात स्टिअरिंग जड झालं आणि वळणानंतर आपण होऊन सरळ येईना. रोग तिथेच राहिला, फक्त त्याची तक्रार करणारं तोंड मी दाबलं.

टेस्ट ड्राइव्ह परेड ग्राउंडच्या सपाट रस्त्यावर, ताशी तीस, गाडी रिकामी. सरळ चालली.

मोहोड म्हणाला, “रिकामी चालन नाही तं काय करन? पाठीवर लोड टाक न मंग पाह्य.”

“लोड टाकून टेस्ट करायचा ऑर्डर नाही, मोहोड.”

“मंग घाटात भटकायचा ऑर्डर हाये काय?”

आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

त्याचं म्हणणं शब्दाशब्दाने बरोबर होतं. स्टिअरिंगचा ढिलेपणा शोधायचा तर गाडी जमिनीवर, चारही चाकांवर वजन घेऊन उभी पाहिजे. इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेक जोड डोळ्यांनी बघायचा, बोटांनी चाचपायचा. कोण आधी हलतो, कोण उशिरा, कोण हलायला नको असताना हलतो. चाकं हवेत असली की त्यांना जमिनीचा विरोधच नसतो. मग सगळं ठीक दिसतं. मी चाकं हवेत ठेवून तपासलं, कारण आमच्याकडे तशीच पद्धत होती. पद्धत होती म्हणून मी विचार केला नाही.

अपघाताच्या आदल्या दिवशी, सोमवारी, वार्षिक इन्स्पेक्शन होतं. त्याआधीच्या शुक्रवारी सुभेदार साहेबांनी फॉल-इनमध्ये सांगितलं, “गाडीखाली साहेब वाकले तरी गंज दिसता कामा नये. वरून खालून, सगळं चमकलं पाहिजे.”

ज्यांनी फौज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इन्स्पेक्शनआधी आम्ही सगळं रंगवतो. दगड रंगवतो, झाडांचे बुंधे रंगवतो, पाण्याच्या बादल्या रंगवतो. गाड्यांच्या चासीलाही, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यालाही, खालून हिरव्या रंगाचे दोन हात दिले. चार नंबरच्या चासीला रंग मीच दिला. जिथे स्टिअरिंग बॉक्स बोल्टने चासीला बसतो, तिथेही दिला. इन्स्पेक्शन उत्तम झालं. साहेब वाकलेही. शाबासकी मिळाली.

मंगळवारी ०६०० वाजता पाच गाड्यांचा कॉन्व्हॉय साताऱ्याच्या दिशेने निघाला. चार नंबर मोहोडकडे. मागे जनरेटर, बरोबर दोन जवान. पाच नंबर ही मेकॅनिकची गाडी, सगळ्यात शेवटची, म्हणजे टेल; तिच्यात मी. रस्ता कोरडा, हवा स्वच्छ. पावसाला दोष देण्याची सोय नव्हती, हे चौकशीच्या वेळी अनेकांना अडचणीचं झालं असणार.

घाटमाथ्यावर, बोगद्यापलीकडे, उतार सुरू होण्याआधी चार नंबर थांबली. वेळ ०७१६. माझ्या वायरलेस सेटवर लीडचा, म्हणजे सगळ्यात पुढच्या गाडीचा, आवाज आला.

“चार नंबर, का थांबलात? ओव्हर.”

मोहोडच्या शेजारी बसलेल्या जवानाने उत्तर दिलं. “ड्रायव्हर लो गिअर टाकतोय. म्हणतो गाडीवर भरोसा नाही. ओव्हर.”

“ठीक आहे. हळू या. आऊट.”

लो गिअर म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्हचा तो गिअर, ज्यात इंजिनच गाडीला धरून ठेवतं. त्यात गाडी पळत नाही, पळूच शकत नाही. हा माणूस उताराआधी थांबून, वेळ घेऊन, रेडिओवर सांगून तो गिअर टाकतो. आणि कागद म्हणतो, अतिवेग.

सहा मिनिटांनी, उजव्या वळणावर, चार नंबर वळली नाही. माझ्या डोळ्यांसमोर. मोहोडचे हात स्टिअरिंग फिरवताना मागच्या काचेतून दिसत होते, आणि चाकं सरळच होती. तो ओरडला, “उड्या टाका!” दोघांनी उड्या टाकल्या. एकाचा हात मोडला, दुसरा खरचटला. लो गिअरमुळे गाडी इतकी हळू होती की त्यांना उडी मारता आली. मोहोडने ब्रेक सोडला नाही. त्याने उडी मारली असती तर त्या दोघांनी उड्या टाकण्याआधीच गाडी दरीत गेली असती.

मी सेट उचलला. “लीड, टेल बोलतोय. चार नंबर रस्त्याबाहेर. मेडिकल पाठवा. ओव्हर.”

मी खाली उतरलो. मोहोड गेला होता. गिअरचा दांडा लो वरच होता. गाडी आडवी पडली होती, पोट माझ्याकडे. स्टिअरिंग बॉक्स चासीचा तुकडा बरोबर घेऊन उखडला होता. मी त्या तुकड्याच्या कडेवर बोट फिरवलं. ताजा तुटलेला लोखंडी पत्रा चांदीसारखा चमकतो. ही कड अर्धी चमकत होती. उरलेली अर्धी गंजलेली होती, आणि गंजावर हिरवा रंग होता. भेगेच्या आत. मी शुक्रवारी दिलेला.

म्हणजे भेग आधीची होती. प्रत्येक वळणावर बॉक्स चासीवर हलत होता आणि गाडी भटकत होती. मी बाकी सगळं बदललं आणि ती भेग रंगवून टाकली.

मोहोडला वर आणताना माझा पाय घसरला, पाठीचा मणका गेला. जबाब हॉस्पिटलच्या कॉटवर घेतला. मी रंगाचं सांगितलं, गिअरचं सांगितलं, माझ्या सहीचं सांगितलं. लिहून घेणारे म्हणाले, “तुम्ही आता आराम करा.” अर्धं पान भरलं. निकालात लिहिलं, बॉक्स आपटल्यामुळे तुटला. दरीत लोखंड गंजतं आणि स्वतःला रंगही लावून घेतं, असा तो निष्कर्ष. माझी मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, खाली आली आणि सहाव्या वर्षी मी फौजेतून बाहेर पडलो.

मोहोडच्या घरी गेलो तेव्हा वहिनींना मी सगळं सांगितलं, माझी सहीसुद्धा.  त्या म्हणाल्या, “भाऊजी, गावात मानसं म्हनतात, जोरात चालवली न मेला. मले दुसरं काही नको. कागदावरच्या त्या दोन ओळी खोडून द्या.”

त्या ओळी खोडण्यासाठी मी अर्ज केले. उत्तर एकच आलं: नवा पुरावा असल्यास सादर करावा. चार नंबर भंगारात गेली. पुरावा भंगारवाल्याला विकून पुरावा मागणं याला कार्यपद्धती म्हणतात.

आता मी बिबवेवाडीत गॅरेज चालवतो. फौजेच्या लिलावातून सुटलेल्या त्याच जातीच्या गाड्या कोथरूडचे सॉफ्टवेअरवाले हौसेने घेतात आणि शनिवार-रविवार डोंगरात नेतात. मागच्या महिन्यात एक आले.

“अहो, गाडी भटकते. अलाइनमेंट तीन ठिकाणी करून झालं.”

“तिन्ही ठिकाणी गाडी रिकामी?”

“अर्थात.”

“मग त्यांनी तुमच्या टायरशी गप्पा मारल्या. बसा आणि स्टिअरिंग हलवा.”

मी खाली झोपलो. बॉक्स हलत होता. पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडला. जुना हिरवा रंग, त्याखाली केसासारखी भेग, भेगेत रंग. मी त्यांना खाली झोपायला लावलं. नव्या शर्टसकट झोपले. उठले तेव्हा म्हणाले, “मी यात मुलींना घेऊन ताम्हिणीला गेलो होतो.” एवढंच. त्यांनीच कॅमेरा काढला.

तो फोटो माझ्या नव्या अर्जाला लावला आहे. एका फोटोला योगायोग म्हणतील, हे मला माहीत आहे.

मोहोड घाटात दोन माणसं वाचवून मेला. त्याने तीन वेळा सांगितलं आणि आम्ही तीन वेळा दुसरीकडे पाहिलं. तुमच्याकडे लिलावातली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह असेल, तर या रविवारी डोंगरात जाऊ नका. गाडीत वजन भरा, चाकं जमिनीवर ठेवा, एकाला स्टिअरिंगवर बसवा आणि स्वतः खाली झोपा. बॉक्सच्या बोल्टांभोवतीचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडा. भेग निघाली तर वेल्डिंग करण्याआधी तिचा फोटो काढा, चासी नंबर लिहा, खाली सही करा आणि तो कागद मोहोडच्या अर्जासाठी माझ्या हातात आणून द्या.