धुळ्याचे मामा आणि सावद्याचं वाय-फाय

माणसांवर इतका विश्वास आणि यंत्रांवर इतका अविश्वास ठेवणारा दुसरा माणूस खानदेशात झाला असेल, असं मला वाटत नाही. हे गृहस्थ माझ्या बायकोचे मामा. धुळ्याला राहायचे. टेलिफोन खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेले. त्यांच्या घराचं पुढचं दार सकाळी उघडायचं ते रात्री निजताना लागायचं. मधल्या वेळात कुत्रं, मांजर, भाजीवाली आणि गल्लीतली पोरं सगळे आत-बाहेर करायचे आणि मामा आरामखुर्चीतून प्रत्येकाला "ये, बस" म्हणायचे. पण त्याच घरातल्या वाय-फायचा पासवर्ड मात्र मामींनाही ठाऊक नव्हता. दिवाळीला आम्ही गेलो, की पोरं मोबाइल घेऊन रांगेत उभी राहायची. मामा एकेकाचा मोबाइल हातात घेत, भिंतीकडे तोंड करत, सर्दीची वाफ घेतल्यासारखा पंचा डोक्यावरून ओढून घेत आणि आत बराच वेळ टकटक करत. पासवर्ड लांबलचक असल्यानं एखादं अक्षर चुकायचंच. मग पंच्याच्या आतून अहिराणीत दोन शब्द ऐकू यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एकदा माझ्या बायकोनं विचारलं, "मामा, घरच्यांपासून काय लपवायचं?" तर म्हणाले, "पोरी, तुन्हापासून नही लपाडत. तुन्हा तोंडापासून लपाडस."

स्वतःच्या नोकरीबद्दल ते एखाद्या गवयानं तंबोऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत. खांबावर चढून तार कानाला लावली, की नुसत्या खरखरीवरून ते सांगायचे, पाणी पारोळ्याच्या अलीकडे शिरलंय की पलीकडे. सायकलच्या मागे दोरीचं वेटोळं, पुढच्या पिशवीत पक्कड, चिकटपट्टी आणि गूळ-शेंगदाणे. कुठल्या गावात कुठल्या घरी पहिला फोन आला, पहिला आवाज कोणाचा ऐकू आला, हे त्यांना नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ होतं. मोबाइल आल्यावर त्यांचे सोबती हळहळत बसले, मामा मात्र धुळ्याच्या बाजारातून बिघडलेले राउटर आणून घड्याळासारखे उघडून बसू लागले. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची त्यांना भारी हौस. घरातल्या प्रत्येक तारेवर, बटणावर, इतकंच काय, मामींच्या मिक्सरवरही त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी असायची. मिक्सरवर लिहिलं होतं, 'आधी झाकण'. मामी म्हणायच्या, "माझ्या कपाळावर तेवढी लावायची राहिली."

त्यांचं माझ्याकडे कामासाठी येणं घडलं ते मात्र गमतीतून नाही. माझं सावद्याला केळीचं ऑफिस आहे. शेतकऱ्यांच्या बागा बघायच्या, कोणाची कापणी कधी ते ठरवायचं, ट्रक भरून माल रवाना करायचा, हा धंदा. वडिलांच्या काळात ऑफिसच्या ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी पाण्याचा माठ असे. मी त्यांचा मुलगा. मी माठाच्या जोडीला वाय-फाय ठेवलं. राउटर लोखंडी कपाटावर, देवाच्या तसबिरीमागे, आणि पासवर्ड बाहेरच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत. तोसुद्धा राउटरच्या बुडाला कंपनीनं छापून दिलेलाच. ट्रकचे ड्रायव्हर, शेजारच्या दवाखान्यातले पेशंट, समोरचा चहावाला, सगळे ओट्यावर बसून त्याचा लाभ घेत. मला त्यात मोठेपणा वाटे. एकदा प्रिंटरमधून कापणीच्या चिठ्ठ्यांऐवजी कुणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका बाहेर आली, तेव्हा आम्ही हसलो, एक प्रत भिंतीला लावली आणि विसरून गेलो. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे सावलीलाही घाम सुटतो. अशा उन्हात केळीची कापणी दोन-तीन दिवस पुढे गेली तर घड झाडावरच पिवळा पडतो आणि लांबच्या बाजारासाठी तो कोणी घेत नाही. जवळच्या एका गावच्या अक्का, नवऱ्यामागे बाग स्वतः सांभाळणाऱ्या, एका सकाळी ऑफिसात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. पिशवीतून पिवळ्याधमक केळ्यांची फणी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"खाय भाऊ," म्हणाल्या, "झाडावर पिकली. व्यापारी नेत नही, तू तरी खाय."

मी यादी काढली. अक्कांचा नंबर मंगळवारी तिसरा असायला हवा होता. मीच तो सांगितला होता. यादीत त्या शुक्रवारी, सगळ्यांच्या शेवटी होत्या आणि त्यांच्यामागचे सगळे एकेक नंबर वर सरकले होते. यादी कॉम्प्युटरवर भरायचं काम आमच्या मुनीमजींचं. वडिलांच्या वेळेपासूनचे. मी काही न विचारता त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते पाहणंच पुरेसं झालं. मुनीमजींनी खिशातून ऑफिसच्या किल्ल्या काढल्या, फणीशेजारी ठेवल्या आणि चपला घालून निघून गेले. अक्का त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाल्या, "ह्यो मानूस असं करनार नही, भाऊ." मलाही तेच वाटत होतं. पण मग केलं कोणी?

बायकोनं मामांना फोन लावला. मामा दुपारच्या गाडीनं, उन्हातान्हाचे, हातात ॲल्युमिनियमची पेटी घेऊन उतरले. त्या दिवसाचं काम संपल्याशिवाय पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. आल्या आल्या त्यांनी बाहेरच्या भिंतीवरचा पासवर्ड वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "जवाईबापू, चोर नही घुसना. तुम्हीच दार उघडं ठेयेल व्हतं." मी माठाचं उदाहरण दिलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पानी कोनलेबी द्या. पन पानी पेवासाठे मानूस तुमना स्वयंपाकघरमा जाईसन हंडामा हात घाली तर चाली का?"

मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. यादीचं फोल्डर नेटवर्कवरच्या सगळ्यांना खुलं होतं. ओट्यावर बसलेला कुणीही मोबाइलवरून ते उघडून यादी बदलू शकत होता, हे मला त्या दिवशी कळलं. यादी शेवटची कधी बदलली ती वेळ त्यांनी दाखवली. सोमवारी दुपारी तीन. सोमवारी मुनीमजी जामनेरला लग्नाला गेलेले. मी आमरस खाऊन आतल्या खोलीत घोरत पडलेला. ही वेळ मीही सकाळीच बघू शकलो असतो. त्याऐवजी मी एका म्हाताऱ्या माणसाकडे बघितलं होतं. मामा किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "आधी जाई या."

मी मुनीमजींच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून केळीच्या सोपटाची दोरी वळत होते. मी पाया पडलो. त्यांनी किल्ल्या घेतल्या, पण बराच वेळ दोरी वळणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुझ्या वडिलांनी आधी विचारलं असतं." एवढंच. ते वाक्य मला अजून बोचतं, आणि बोचावं असंच आहे.

परत येतो तो मामा वहीत राउटरच्या नोंदी उतरवून घेत होते. कोणत्या वेळी कोणाचा मोबाइल जोडलेला होता, त्याची यादी. चहावाला, दवाखान्यातला कंपाउंडर, दोन ड्रायव्हर, आणि आणखी एक. त्या एकावर त्यांचं बोट थांबलं. मोबाइलला आपलंच नाव देऊन ठेवायची हौस पुष्कळांना असते. मी वाकून बघायला गेलो तर त्यांनी वही मिटली.

"कोण आहे, मामा?"

"नाव समजीसन काय करशात?"

"त्याला उद्यापासून दारात उभा करणार नाही!"

"म्हनीसनच सांगत नही. मी त्याले भेटीसन येस."

मी चिडलो. माझं ऑफिस, माझी बदनामी, आणि नाव मलाच कळू नये? तेव्हा मामांनी मला ओट्यावर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली, जी मामींनाही माहीत नव्हती. तरुणपणी लाइन तपासताना त्यांच्या कानावर दोन घरांमधलं बोलणं पडलं होतं. सोयरीक जमत आलेली. मुलीला फिट्स येतात, हे तिची आई आपल्या बहिणीला रडत सांगत होती. मामांनी सहज, विडी ओढता ओढता, ते एका सोबत्याला सांगितलं. आठ दिवसांत गावभर झालं आणि सोयरीक मोडली. "त्या पोरनं मना काय वाकडं करेल व्हतं?" मामा म्हणाले. त्यानंतर त्यांच्या कानात पडलेलं कधी तोंडात आलं नाही. मला त्यांचा तो पंचा, ती मिटलेली वही, सगळं एकदम वेगळंच दिसायला लागलं. मी पुढे नाव विचारलं नाही.

मामा छत्री घेऊन एकटेच बाहेर पडले आणि तासाभरानं आले. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. संध्याकाळी माझा फोन वाजला. पलीकडून एक ओळखीचा शेतकरी बोलत होता, आवाज बसलेला. "उद्या सकाळी माझी कापणी हाय ना? ती ऱ्हाऊ द्या. अक्कांचा जेवढा माल हिरवा हाय तेवढा आधी काढा. माझी मानसंबी तिकडंच पाठवतो." मी "बरं" म्हणालो. त्याच्या घरात कोणी आजारी होतं आणि त्याला पैशाची घाई होती, हे मला पुढे दुसरीकडून समजलं. दुसऱ्या दिवशी अक्कांची निम्म्याहून जास्त बाग वाचली. तो माणूस आजही आमच्याकडेच माल देतो. त्याचं नाव मी बायकोलाही सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

पुढचे दोन दिवस मामांनी ऑफिसचा ताबा घेतला. सत्तरी ओलांडलेला माणूस शिडीवर, खाली मुनीमजी शिडी धरून, आणि मी मोबाइल हातात घेऊन पॅकिंगच्या शेडच्या टोकापर्यंत चालत "आली... आली... गेली!" असं ओरडतोय, हे दृश्य बघायला चहावाल्याचं गिऱ्हाईक उठून यायचं. "लोखंडवर, देवना मांगे डबा लपाडीसन ठेवा, मंग रेंज कशी येई?" म्हणत त्यांनी राउटर कपाटावरून हलवला आणि शेडसाठी छताजवळ नवा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पुढे पोचवणारा डबा, बसवला. कंपनीनं दिलेला सेटिंगचा पासवर्ड बदलला, बटण दाबून जोडणी करायची सोय बंद केली, आतलं जुनं सॉफ्टवेअर नवं केलं, यादीच्या फोल्डरला कुलूप लावलं. आणि ओट्यावरच्या लोकांसाठी एक निराळं नेटवर्क काढून दिलं, ज्यातून इंटरनेट मिळे पण ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत वाट नव्हती. "माठ बंद करू नका," ते म्हणाले, "मोठा मानूस व्हता तुमना बाप. फक्त वट्टा येगळा, घर येगळं."

ऑफिसच्या नेटवर्कचा पासवर्ड काय ठेवायचा यावर दुपारभर खल झाला. मी माझी जन्मतारीख सुचवली. मामांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं, की मी ती पुन्हा कोणालाही सांगितलेली नाही. शेवटी त्यांनी अहिराणीतलं एक अख्खं वाक्य ठेवलं, मधे मधे आकडे पेरून. "अहिराणी समजनारा चोर आजून पैदा व्हयेल नही," असा त्यांचा दावा. ते वाक्य मुनीमजींनी आणि मी पाठ करून म्हणून दाखवलं तेव्हाच त्यांनी पेटी मिटली. मग जेवायला बसले ते असे, की शेवभाजीचं पातेलं दोनदा भरावं लागलं. धुळ्याच्या गाडीत बसवायला गेलो तर खिडकीतून म्हणाले, "दर तीन महिनामा पासवर्ड बदला. अन् मुनीमले दर दिवाळीले धोतर ल्या." पहिल्या गोष्टीत मी पुष्कळदा हयगय केली. दुसरी कधी चुकवली नाही.

मामा जाऊन आता दोन वर्षं होतील. मामी जळगावला लेकीकडे असतात. धुळ्याच्या घराला कुलूप आहे. त्या गल्लीत गेलं की बंद दाराकडे बघवत नाही, म्हणून मी हल्ली वळसा घालून जातो.

गेल्या महिन्यात पॅकिंगची शेड वाढवली, तेव्हा जळगावहून एक पोक्त कारागीर नवं यंत्र बसवायला आला. जुनी जोडणी काढायला शिडीवर चढला आणि तिथेच थांबला. बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या तारांवरून हात फिरवत राहिला. मी खालून विचारलं, "काही बिघाड आहे का?"

"बिघाड नाही हो, शेठ," तो म्हणाला. "कोणी केलंय हे? इतकं निगुतीचं काम आता बघायला मिळत नाही. आहेत का ते? दोन गोष्टी विचारल्या असत्या."

मी नाही म्हणालो. त्यानं हातातली कात्री खिशात ठेवली, एकही जुनी तार कापली नाही, होत्या तशाच त्या नव्या डब्याला जोडल्या. मुनीमजी खाली शिडी धरून उभे होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि धूळ पडली असं म्हणाले. मी त्या माणसाला चहा घ्यायला खाली बोलावलं.

तो वरूनच म्हणाला, "काम होऊ द्या, मग घेतो."