आंजीला राहून गेलेली मुलगी

आत्या सावंगीच्या दवाखान्यात भरती होती, तेव्हा दुपारी मी तिच्याजवळ बसायचे. एका दुपारी ती आपणहून तिच्या आजीबद्दल, म्हणजे माझ्या पणजीबद्दल बोलू लागली. पणजी आमच्यातली नव्हती, गोंडाची होती. इंग्रजांच्या काळात कारंज्याकडच्या डोंगरातून आईबापांबरोबर आंजीला कापूस वेचायला आली. आईबाप परत गेले, तिला पणजोबांनी ठेवून घेतलं. पणजोबांच्या लग्नाच्या बायकोला मूल नव्हतं. पणजीला झालेला मुलगा, माझे आजोबा, त्या बायकोच्या मांडीवर वाढला. पणजी गोठ्याशेजारच्या खोपटात राहायची.

"माह्या बापानं तिले कधी माय नाई म्हटलं," आत्या म्हणाली. "बाई म्हणे. मंग आमीबी बाईच म्हणो."

म्हातारपणी बाई एका गावाचं नाव सारखं घ्यायची. ते आत्यानं मला सांगितलं. त्याच आठवड्यात आत्या गेली. तेरवी झाल्यावर मी बाबांजवळ विषय काढला. मेलेल्या माणसाले काऊन उकरतं, एवढंच ते म्हणाले.

मग त्या गावी मी एकटीच गेले. गावात विचारलं, तर आंजीला राहून गेलेली मुलगी तिथं अजून माहीत होती. तिच्या भावाचा नातू म्हातारा झालेला, अंगणात बसला होता. त्याला मी आधी कोणी सरकारी बाई वाटले. कोण ते सांगितल्यावर त्यानं मला बसायला सांगितलं. मग सुनेला गोंडीत काहीतरी म्हणाला; तिनं चहा ठेवला.

त्याचा आजा बहिणीला आणायला दोनदा आंजीला गेला होता. पहिल्यांदा ती इथं नाहीच, असं सांगून त्याला परत पाठवलं. दुसऱ्यांदा ती त्याला वाड्यामागं शेण काढताना दिसली. त्यानं हाक मारली, ती धावत आली, आणि तिच्यादेखत पणजोबांच्या गड्यांनी त्याला काठ्यांनी मारलं.

"हात मोडला त्याचा," म्हातारा म्हणाला. "मंग कुऱ्हाड कधी धरता नाई आली त्याले."

त्यांच्या पंचांनी ठरवलं, परक्याच्या घरी राहिली, आता तिला परत घेता येणार नाही. बापानं ती जिवंत असतानाच तिचं मयताचं सगळं केलं, गावाला जेवण दिलं. त्यानंतर ती आंजीत म्हातारी होईपर्यंत जगली.

त्यानं मला एकच विचारलं. "तिले पुरलं का जाळलं?"

आत्यानं सांगितलं होतं ते मी सांगितलं. घरच्यांनी तिला मसणात नेलं नव्हतं. नाल्याच्या काठी पुरलं होतं. पुढं नाला खोल करताना मशीननं तो काठच खोदून नेला. हेही मी सांगितलं. न सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांच्या मेलेल्यांचे दगड गावाबाहेर मांडलेले येताना मी पाहिले होते. तिच्या नावाचा एक बसवता येईल का, असं विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवली.

"एकदा केलं ना आमी तिचं. ज्याचं केलं, त्याचं परत नाई होत."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी उठले, तेव्हा मात्र त्यानं पाहुण्याला म्हणतात तसं 'येजो' म्हटलं नाही.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, त्या हाताचंसुद्धा. त्यांनी बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "आंजीत कोणाले सांगतलं का हे?"

नाही, म्हटलं. ते उठून हात धुवायला गेले. आईनं ताट वाढलं होतं.