सकित

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका शिलाई कारखान्यात मी टाइम ऑफिसला होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मशीनवर बहुतेक फिलिपिनो आणि इंडोनेशियन बायका. सकाळी रजा मागायला आलेल्यांचा फॉर्म भरणं माझ्याकडे होतं. फॉर्मवर दोन चौकोन होते, ‘आजार’ आणि ‘वेदना’. आजारावर खूण केली की डॉक्टर आणि भरपगारी रजा. वेदनेवर केली की दोन गोळ्या आणि परत मशीनवर.

दारात येऊन सगळ्या एकच शब्द म्हणायच्या, सकित. आमच्या फिलिपिनो रिसेप्शनिस्टने मला समजावलं की तिच्या भाषेत आजार म्हणजेही सकित आणि दुखतं तेही सकित. इंडोनेशियन बायकांचंही तसंच, भाषा नात्यातल्या आहेत म्हणून. मला हे कळायला अवघड नव्हतं. आपणही अंग ठणकतं त्याला दुखणं म्हणतो आणि माणूस अंथरुणाला खिळतो त्यालाही दुखणंच म्हणतो. पण खूण मी करणार होते, आणि मी बहुतेकदा वेदनेवर करत असे. मॅनेजर मुंबईचे, मराठीच. महिनाअखेरीस रजा कमी दिसल्या की मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजत. मला ते आवडायचं.

त्या उन्हाळ्यात जावाहून आलेली, कॉलर शिवणारी एक बाई सलग तीन दिवस आली. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. पोटावर हात दाबून सकित म्हणायची. तिन्ही दिवस मी तिला गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ती भिंतीला धरून आली. ओठ पांढरे पडले होते. ती नुसतं “लोरो, लोरो” म्हणत होती. रिसेप्शनिस्टला विचारलं तर तिने खांदे उडवले. हा शब्द आमच्यात नाही, म्हणाली. तेवढ्यात मॅनेजर आले.

“काल सकित, आज लोरो. रोज नवा शब्द काढते. खलास, लाइनवर पाठवा हिला.”

मी पाठवलं. शिवाय शेऱ्याच्या जागी ‘नाटक करते’ असं इंग्रजीत लिहिलं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

तासाभरात ती मशीनवरच कोसळली. सुई बोटात अडकली होती. सुपरवायझरने आधी कापड सोडवलं, मग बोट.

अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. हॉस्पिटलच्या वाटेवर आमच्या इंडोनेशियन ड्रायव्हरने मला मोडक्या हिंदीत सांगितलं की लोरो म्हणजे सकितच. सकित शाळेत शिकलेला शब्द, लोरो जावातला, घरचा. “जास्ती दुखता है तो आदमी घर का बोलता है, मॅडम.”

ती वाचली. पाच आठवड्यांनी तिचा व्हिसा कॅन्सल करून तिला परत पाठवायचं ठरलं. सह्या घ्यायला तिला माझ्यासमोर बसवलं. उठताना तिला पोट धरावं लागत होतं. अजून सकित आहे का, असं मी रिसेप्शनिस्टमार्फत विचारलं. तिने रिसेप्शनिस्टकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “सकित हाती.”

रिसेप्शनिस्ट म्हणाली, आमच्यात हाती म्हणजे वाटणी, अर्धं. म्हणजे दुखणं अर्धं राहिलं असेल. मी फॉर्मवर ‘अर्धी बरी’ असं लिहिलं. मॅनेजर हसले. विमानात बसायला अर्धी पुरे, म्हणाले, आणि शिक्का मारला.

पुढे काही वर्षांनी आम्ही शारजापासून जवळच्याच उम्म अल कुवैनला राहायला गेलो. शेजारच्या फ्लॅटमध्ये कामाला एक इंडोनेशियन बाई होती. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तिला सहज विचारलं, सकित हाती म्हणजे काय. ती हिंदी चांगलं बोलायची. हाती म्हणजे काळीज, म्हणाली. पण हे काळजाच्या आजाराला म्हणत नाहीत. कोणी आपल्याशी इतकं वाईट वागलं की ते मनातून जातच नाही, तेव्हा म्हणतात.

मग तिने विचारलं, “आपको किसने बोला?”

“टीव्ही पे सुना,” मी म्हणाले, आणि उरलेले चिमटे गोळा करून खाली आले.