तोंड न मिटणारी काडतुसं

बंदुकीचा छंद असलेल्या माणसाच्या गॅरेजमध्ये रिकाम्या काडतुसांची खोकी साठत जातात. ती फेकवत नाहीत, कारण पुन्हा भरता येतात. आमच्या ओहायोतल्या डब्लिनच्या शिरीषकडे खोक्यांच्या जोडीने किस्सेही साठले. बहुतेक किश्शांत धक्का मलाच बसलेला असल्यामुळे ते सांगायचा हक्कही माझाच. मी पुण्याचा सरळमार्गी प्रोग्रामर. दिवाळीतल्या टिकल्यांपलीकडे आयुष्यात काही वाजवलेलं नाही!

शिरीष नागपूरचा, डेटाबेसवाला. ग्रीन कार्ड आल्यावर ऑफिसातल्या कुणीतरी त्याला गावाबाहेरच्या शूटिंग क्लबात नेलं. तिथे मातीची तबकडी हवेत उडते आणि ती छर्ऱ्यांनी फोडायची असते. इथवर ठीक होतं. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर त्याची बायको वंदना म्हणाली, गॅरेजच्या फळीवरून लोणच्याची बरणी आणता का? मी अंधारात हात घातला आणि हाताला आलेली बरणी आणून टेबलावर ठेवली. वंदनाने लेबल वाचलं आणि ती मटकन खाली बसली.

"ती गनपावडर आहे," शिरीष म्हणाला. "लोणचं तिच्या मागे."

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. "घरात झुरळ दिसलं तर हा मला हाक मारतो," वंदना म्हणाली. त्या रात्रीपासून पावडर कुलपात गेली आणि लोणचं स्वयंपाकघरात.

* * *

आता काडतुसाचं थोडं सांगायला हवं. खाली पावडर, वर छर्रे आणि दोन्हींच्या मधे प्लास्टिकची वाटीसारखी एक वस्तू, तिला म्हणतात वॉड. मग काडतुसाचं तोंड मोदकासारख्या कळ्या पाडून मिटायचं, तो क्रिम्प. वॉड उंच झाला तर तोंड मिटत नाही. बुटका झाला तर तोंड आत खचतं. दुकानात वॉड रंगीबेरंगी मिळतात, आणि कुठल्या काडतुसाला कुठला चालेल हे पुस्तकात बघून ते घ्यायचे असतात. शिरीषने पिवळ्या काडतुसांना पिवळे वॉड आणले.

"मॅचिंग बघून घेतले?" मी हबकून विचारलं.

"मग? वंदना ब्लाउजपीस तसंच घेते."

सगळी काडतुसं आ वासून बसली. त्यातलं एक त्याने मला बघायला दिलं, मी ते जॅकेटच्या खिशात टाकलं, निघताना त्याला परत केलं आणि विसरून गेलो.

* * *

पुढच्याच आठवड्यात मला क्लायंटकडे जायचं होतं. दोन हजार एकनंतरचे दिवस, आपल्या रंगाच्या माणसाने विमानतळावर शिंकतानाही विचार करावा असे. मी जॅकेट काढून ट्रेमध्ये ठेवलं आणि त्याच्या खिशातून बारीक काळे छर्रे टपटप टपटप ट्रेमध्ये घरंगळले.

मला बाजूला घेतलं. आईवडिलांचे चेहरे डोळ्यांसमोर आले, खरंच सांगतो. माझ्याभोवती तीन माणसं उभी राहिली. त्यांच्यातल्या सगळ्यात धिप्पाड सिक्युरिटीवाल्याने एक छर्रा उचलून बोटांत फिरवला, माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तुमचा वॉड उंच पडतोय."

* * *

त्या हिवाळ्यात शिरीषची नोकरी गेली. कंपनीने अख्खी टीमच बंद केली. तो सकाळी उठून रोजच्यासारखा शर्ट इस्त्री करायचा आणि गॅरेजमध्ये जाऊन काडतुसं भरायच्या प्रेससमोर बसायचा. मी भेटायला गेलो की नोकरीबद्दल चकार शब्द नाही, फक्त क्रिम्प. आता बुटके वॉड आणले होते आणि तोंडं आत खचत होती. "एक तरी गोष्ट माझ्या हातून नीट व्हावी यार," तो एकदा म्हणाला. मला फार वाईट वाटलं. मी नुसताच चहा प्यालो.

तोंडं खचण्यावर त्याने उपाय शोधला. छर्ऱ्यांखाली जाड कागदाची गोल चकती घातली की उंची भरून निघते. चकत्या कुठून आणल्या, ते मी विचारलं नाही.

क्लबात वॉल्टर म्हणून एक म्हातारा आहे. मैदानावरची शिस्त तो बघतो. एका रविवारी त्याने गवतातून काहीतरी उचललं आणि आमच्यासमोर धरलं. गोल चकती, कडा जळलेल्या, मधोमध सोनेरी गणपती.

"तुम्ही हत्ती मारताय का?" त्याने विचारलं.

मी मागची बाजू वाचली. त्यावर "चि. सौ. कां. वंदना" एवढंच उरलं होतं.

* * *

वंदनाला अर्थातच कळलं. जपून ठेवलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा तिने काढला, तर प्रत्येक पत्रिकेला गोल भोकं. ती ओरडली नाही, हेच मला जास्त भीतीदायक वाटलं. "आणखी एकदा काही गडबड झाली," ती म्हणाली, "तर ते मशीन या घरात राहणार नाही." शिरीष एवढा पांढरा पडलेला मी नोकरी गेली त्या दिवशीही पाहिला नव्हता.

मग मात्र त्याने पुस्तक नीट वाचलं. योग्य वॉड मागवले. नोकरीचे इंटरव्ह्यू चालू होते, पण होकार येत नव्हता. दसऱ्याच्या सुमाराला त्याची आई नागपूरहून आली. खंडेनवमीला आपल्यात हत्यारांची पूजा करतात, म्हणून काकूंनी प्रेस वरच्या छर्ऱ्यांच्या बाटलीसकट पुसून घेतला, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि बाजूला पेढा ठेवला. वंदना कुंकवाच्या अक्षतांची वाटी घेऊन मागे उभी होती. मी हात जोडले. ओहायोतल्या गॅरेजमध्ये काडतुसाच्या मशीनला नमस्कार करताना आपलं आयुष्य नक्की कुठे वळलं, असं मनात येऊन गेलं.

* * *

त्या रविवारी आम्ही सगळेच क्लबात गेलो, काकूसुद्धा, शाल गुंडाळून. शिरीषने खिशातून काडतूस काढून मला दाखवलं. कळ्या सगळ्या सारख्या, मधे भोक नाही, खळगा नाही. इतका सुंदर क्रिम्प मी आजवर पाहिला नव्हता.

वारं समोरून होतं. तबकडी उडाली, शिरीषने बार काढला, तबकडी फुटली, आणि बंदुकीच्या तोंडातून लालभडक ढग निघाला!

मला वाटलं, रक्त. ढग तसाच मागे आला आणि शिरीषच्या तोंडावर, कपाळावर, वॉल्टरच्या पांढऱ्या मिशीवर बसला. वॉल्टरने हात वर करून सगळी लाईन थांबवली, बंदूक उघडायला लावली, नळीतून आरपार पाहिलं. मग तो चार पावलं पुढे गेला, गवतातून काहीतरी वेचून परत आला आणि तळवा उघडला. तांदूळ. कुंकवाने माखलेले.

शिरीषने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" काकू म्हणाल्या. "मी बाहेरून गंधफूल वाहिलं. छर्ऱ्यांच्या बाटलीचं झाकण कसं उघडतात, हेसुद्धा मला ठाऊक नाही."

वंदना पुढे आली. तिने ओढणीचं टोक घेतलं, शिरीषच्या पापण्यांवरचं कुंकू हलक्या हाताने टिपलं, आणि खालमानेनेच विचारलं, "तोंड नीट मिटलं होतं ना?"