मधला आकडा

तीन बहिणींतली मधली म्हणून जन्माला येणं ही काही शिक्षा नाही, पण बक्षीसही नाही. थोरलीचे जुने कपडे आणि धाकटीची ताजी भांडणं, दोन्ही हिच्याच वाट्याला. थोरलीला खिडकी उघडी हवी, धाकटीला बंद, की ही अंथरुणातून उठायची आणि खिडकी अर्धी उघडायची. दोघी कुरकुरत झोपायच्या, पण झोपायच्या. आई म्हणायची, "माझी मधली आहे म्हणून या घरात शांतता आहे." असं कौतुक लहानपणी एकदा कानावर पडलं की माणूस जन्मभर तेच करत बसतो. हिचंही तेच झालं.

पुढे ती शिकली आणि देशाच्या पूर अंदाज केंद्रात लागली. घरातलं नाव तिथे कुणी फोडलं देव जाणे, पण कचेरीतही सगळे पाठीमागे तिला मधलीच म्हणत. काम तरी दुसरं काय होतं? प्रत्येक मोठ्या नदीच्या वरच्या भागाला एक कचेरी, खालच्या भागाला दुसरी. वरचे सांगणार, आमच्या हद्दीतून एवढं पाणी खाली येतंय. खालचे म्हणणार, एवढं कसं येईल, नाहीतर एवढंच कसं येईल. दोघांचा आकडा जुळेपर्यंत देशाचं पत्रक निघायचं नाही, असा नियम. जुळवायचा कुणी, तर मधलीनं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी ती खुर्ची. तिच्याआधी तिघांनी सोडली होती, ही मात्र चिकटून बसली.

सगळ्यांत मोठ्या नदीचं त्रांगडं सगळ्यांत मोठं. तिथले वरचे साहेब आणि खालच्या बाई एकमेकांना पाण्यात पाहायचे. नदीवर काम करणाऱ्यांना तेवढी तरी सोय हवीच म्हणा. साहेब वरच्या पुलावरच्या पाणी मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्याबाहेर एक शब्द बोलायचे नाहीत आणि बाईंना त्यांचा एक आकडा पटायचा नाही. मधली दोन फोन दोन कानांना लावून दोघांना एकच वाक्य ऐकवायची, "तुमचंही बरोबर आहे." मग दोघांच्या मधला आकडा पुढे करायची. दोघेही कुरकुरत हो म्हणायचे. बहुतेक वेळा पाणीही त्याच्या आसपासच यायचं, म्हणून तिचं नाव झालं होतं.

घरीही तेच. वडील गेल्यापासून आई थोरलीकडे राहत होती, त्या मोठ्या नदीच्या खालच्या गावात, अगदी काठच्या गल्लीत. धाकटीचं घर त्याच गावात, पण टेकडीवर. धाकटी म्हणायची, "आईला नदीच्या तोंडात ठेवलंय ताईनं." थोरली म्हणायची, "करते मी, आणि अक्कल शिकवते ती." दोघी एकमेकींच्या दारात जात नव्हत्या. मधली दोघींनाही सांगायची, तुझंही बरोबर आहे. दोन्ही डगरींवर हात ठेवून ती सुखानं जगत होती, असंच म्हणा ना.

त्या दिवशी सकाळपासून डोंगरात पाऊस कोसळत होता. खालच्या गावात मात्र स्वच्छ ऊन. असा दिवस सगळ्यांत वाईट, कारण उन्हात उभ्या असलेल्या माणसाला पूर येतोय हे पटत नाही. दुपारी वरच्या साहेबांचा फोन आला.

"नदी स्थिर," ते म्हणाले.

स्थिर या शब्दानं केंद्रात सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. स्थिर म्हणजे पाणी चढायचं थांबलं, आता उतरणार. कुणीतरी चहा सांगितलासुद्धा.

"काय बोलताय?" खालच्या बाई दुसऱ्या फोनवर कडाडल्या. "डोंगरात पाऊस थांबलेला नाही आणि नदी स्थिर? कुठेतरी पाणी मुरतंय. मला गाव रिकामं करायचंय."

"यंत्र सांगतंय ते मी सांगतोय," साहेब म्हणाले. "तुमच्या मनातला पूर मला मोजता येत नाही."

अर्धी दुपार त्यात गेली. नियम असा की पत्रक निघायच्या आधी घरी फोन करायचा नाही. देशाला कळायच्या आधी आपल्या माणसांना कळता कामा नये. मधलीचा हात सारखा खिशातल्या फोनकडे जात होता आणि ती तो मागे घेत होती. दुखरे गुडघे धरून बसणारी आई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पत्रक लवकर निघालं तर फोन लवकर करता येईल, हेच डोक्यात. तिनं मधला आकडा काढला. घरं सोडायची नाहीत, काठच्या लोकांनी वरच्या मजल्यावर जायचं. साहेब म्हणाले, जास्त होतंय. बाई म्हणाल्या, कमी होतंय. पण दोघांनी मान्य केलं.

पत्रक निघाल्या निघाल्या तिनं थोरलीला फोन लावला. "ताई, आईला घेऊन वर जा. वरचा मजला पुरे."

"नक्की ना?"

"मी सांगतेय ना."

थोरलीनं तेवढ्यावर फोन ठेवला. मधलीनं सांगितलं की त्या घरात पुढे प्रश्न नसायचा.

मग वरच्या पुलावरचा पुढचा आकडा आला. तोच. त्यानंतरचाही तोच, शेवटच्या अंकापर्यंत. मधली चहाचा कप हातात धरून पडद्याकडे बघत राहिली. खरोखर थांबलेली नदीसुद्धा कधी इतकी गप्प नसते. लाट येते, ओंडका अडतो, शेवटचा अंक हलतोच. हा हलत नव्हता.

तिनं वरच्या साहेबांना फोन लावला. "पुलावरचं यंत्र जास्तीत जास्त किती मोजतं?"

"बघून सांगतो." बराच वेळ नुसते कागद वाजत राहिले. मग साहेबांचा आवाज आला तो ओळखू येईना. "जे दाखवतंय, तेवढंच. त्याच्या वर त्याला मोजताच येत नाही."

म्हणजे नदी थांबलीच नव्हती. ती यंत्राच्या डोक्यावरून कधीच गेली होती, आणि यंत्र बापडं शेवटचा आकडा घोकत बसलं होतं. मधलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता पाणी किती आहे?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले. माहीत नाही, असं त्यांच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकलं. "आकडा कुठला देऊ, मॅडम?"

ती उठून केंद्रप्रमुखांच्या खोलीत गेली. ते म्हणाले, "आकड्याशिवाय पत्रक? दोघांचं जुळल्याशिवाय? असं कधी झालं नाही."

"आकडा येईपर्यंत पाणी येईल, सर."

"आणि नाही आलं तर? पुढच्या वेळी एक माणूस घरातून हलणार नाही."

"तेव्हा मला काढून टाका," ती म्हणाली. असं काही आपल्या तोंडून निघेल हे तिला दोन मिनिटांपूर्वी खरं वाटलं नसतं. तिनं एकटीच्या सहीनं पत्रक काढलं: पाणी किती येईल माहीत नाही, घरं सोडा.

थोरलीचा फोन लागेना. पुन्हा, पुन्हा, काही नाही. गावातली लाइन बंद पडली होती. ऊन उतरत चाललं होतं. तेवढ्यात खालच्या बाईंनी बचाव पथकाच्या प्रमुखाला वायरलेसवर जोडून दिलं.

"सगळं गाव हललं," तो धापा टाकत म्हणाला, "पण काठची गल्ली हलत नाही. तिथं एक बाई जिन्यात उभ्या आहेत. म्हणतात, माझी बहीण अंदाज केंद्रात आहे, तिचा स्वतःचा फोन आला होता, वरचा मजला पुरे. लोकांचा आमच्या भोंग्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास. पाणी रस्त्यावर आलंय."

मधली म्हणाली, "मला भोंग्यावर घ्या. आणि त्यांचं बोलणं मला ऐकू येऊ द्या."

खरखर झाली. मग ती बोलली, आणि तिचा आवाज त्या गल्लीभर गेला. "ताई, मी बोलतेय. मघाशी मी चुकले. वरचा मजलाही बुडेल. सगळ्यांना घेऊन निघ."

"तासात दोन गोष्टी सांगतेस," थोरलीचा आवाज लांबून आला. "किती पाणी येणार तेवढं सांग."

"माहीत नाही."

"मग आईला या वयात कुठं हलवू? गुडघे बघितलेस तिचे?"

"धाकटीकडे ने. टेकडीवर."

तिकडे पाण्याचा आवाज वाढत होता.

"तिच्या दारात मी जायची नाही. तूच सांग, एवढी वर्षं मी आईला सांभाळलं, माझं काही चुकलं का?"

जन्मभराची सवय. उत्तर ओठांवर तयार होतं. ते दिलं असतं तर थोरली जिन्यातच बसली असती, आई वर, आणि सगळी गल्ली तिच्यामागे.

"चुकलं," मधली म्हणाली. "आईला नदीकाठी ठेवलंस तिथंच चुकलं. धाकटी पहिल्यापासून खरं बोलत होती, आणि तुला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोलले नाही. ऊठ आता."

अख्ख्या गल्लीनं ते भोंग्यावरून ऐकलं.

"बरं," थोरली म्हणाली. फक्त तेवढंच. मग पथकप्रमुखाचा आवाज आला, "निघाल्या. आजींना खुर्चीसकट उचललंय. मागून सगळे येतायत."

अंधार पडता पडता काठच्या गल्लीत पाणी वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर चढलं. आत कुणीही नव्हतं. केंद्रात लोक तिच्या पाठीवर थाप मारून जात होते, आणि खालच्या बाईंनी तर आयुष्यात पहिल्यांदा वरच्या साहेबांना धीर दिला. मधलीनं स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि ती हुंदके देऊन रडली.

सकाळी धाकटीचा फोन आला. आई झोपली होती, गल्लीतली माणसं ओसरीवर, जिन्यात, मिळेल तिथं पडली होती. "सगळे सुखरूप," धाकटी म्हणाली. "बरं केलंस बोललीस. मी म्हणतच होते ना?"

"ताईला दे."

धाकटीनं हाक मारली. भांडी घासल्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"नाही म्हणतेय ती," धाकटी हळूच म्हणाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आई तिच्या वेळेला गेली, आपल्या अंथरुणात, थोरली आणि धाकटी उशाशी. दोघी आता एका स्वयंपाकघरात भांडतात आणि एका ताटात जेवतात. मधलीशी थोरली अजून बोलत नाही. मधली सगळ्यांना सांगते, एवढी माणसं वाचली, त्याच्यापुढे हे काय, मी ते आनंदानं सोसते. त्यातलं सगळं खरं आहे, आनंदानं एवढा एक शब्द सोडून.