शैला कुणासाठी औषध शोधत होती?

फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते. कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेल्या एका बाईच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या बघत होते. "शैलाताईंच्या मोठ्या बहीण ना?" असं विचारून पलीकडचे गृहस्थ थांबले... प्रयोगशाळेतच, मेंदूत रक्तस्राव. मी फोन ठेवला आणि त्या बाईला अ‍ॅट्रोपिनचं पुढचं इंजेक्शन दिलं. ती बाई वाचली. पण बहीण गेल्याचं ऐकून माझे हात कसे चालत राहिले, ते मला अजून कळत नाही.

चारठाण्याला आमची मेंढरं नि थोडी कोरडवाहू जमीन. मी नर्सिंग शिकत होते, शैला बारावीला, तेव्हा काका फवारणी करता करता बांधावर कोसळले. तोंडाला फेस, अंग घामानं चिंब. जीपमधून परभणीला नेलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस फवारणीनंच बाधलेला, इंजेक्शनं दोघांना तीच. तो चौथ्या दिवशी चालत घरी गेला, काका गेले. "असं कसं, ताई?" शैलानं विचारलं. त्या प्रश्नापायीच ती रसायनशास्त्र शिकली, शिकतच राहिली, आणि दूरच्या शहरात संशोधक झाली.

सुट्टीत आली की भाकरी थापता थापता सांगायची. "नसांचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम असतंय. त्याच्या पोटात खोल, अरुंद घळ हाय. विष तिच्या तळाशी चिकटतंय, मग निरोप पुसलाच जात न्हाई. आमी त्या एन्झाइमचे स्फटिक करतो, क्ष-किरण सोडून घळीचा नकाशा काढतो. तिच्यात उतरून विष उचकटंल असं औषध बेतायचं."

"मग आपण वॉर्डात उतारा म्हणून देतो ते पॅमचं इंजेक्शन?"

"ते बी तेच करतंय. पर सगळ्या विषांना पुरं पडत न्हाई. अन् उशीर झाला की विष पक्कं बसतंय."

मला निम्मंच कळायचं. पण हे काकांपायी चाललंय, एवढं पक्कं होतं.

तेराव्याला तिचे सहकारी आले. म्हणाले, "युद्धातल्या विषारी वायूवर उतारा शोधत होत्या. सैनिकांसाठी."

"न्हाई, फवारणीच्या विषावर," मी म्हणाले.

ते गोंधळले. "विषं एकाच कुळातली आहेत... पण शेतीबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत."

मग मला सांगितलं ते माझ्या समाधानासाठी? की त्यांना सैनिकांचं सांगितलं ते कामाला पैसा मिळत राहावा म्हणून? औषधही पुरं झालेलं नाही. एक नवा रेणू घळीत नीट बसल्याचं चित्र तेवढं हाती आलं होतं.

माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. फवारणीनं बाधलेला प्रत्येक पेशंट, नाव सोडून: विष कोणतं, किती तासांनी आणलं, इंजेक्शननं काय फरक पडला. शैलानंच लिहायला लावलेली. दर महिन्याच्या एक तारखेला फोनवर माझ्याकडून सगळं वाचून घ्यायची. त्या सहकाऱ्यांना वहीचं सांगायचं राहून गेलं. काल पाथरीकडचा एक माणूस आला. इंजेक्शननं त्याचा घाम थांबल्यावर मी वही काढली, 'चार तास' असं लिहिलं... एक तारीख जवळ आली की अजून फोन चार्ज करून ठेवते.