काकांच्या हद्दीबाहेरची बकरी

अभनपूर-रायपूर बसमध्ये रोज खिडकीशी बसणारे ते काका नौदलातून निवृत्त झालेले. समुद्रावर गस्त घालणाऱ्या एका विमानात त्यांनी नव्या पोट्ट्यांना टेहळणी शिकवली. ते विमान इतकं जुनं, की समुद्र त्याच्यानंतर भरला असावा!

एकदा एक बाई ओरडली, "माही बकरी उतरली वाटते! नातवाच्या दुधासाठी घेतली होती!"

काकांनी बस थांबवली आणि पाणबुडी शोधावी तशा सगळ्यांना खिडक्या वाटून दिल्या. "भैया, तू डावीकडे पाह्य! दीदी, उजवीकडे! पापणी हलवाची नाही!" कंडक्टर टपावर चढला. क्षितिजापर्यंत नुसतं धान.

तेवढ्यात सीटखालून चघळण्याचा आवाज आला. बकरी काकांच्या पिशवीतली मेथी खाऊन राहिली होती. बाईने तिला मिठीच मारली.

काका बाहेरच पाहत म्हणाले, "अंदरचा इलाका माह्याकडे नव्हता."